लाल ठिपका नसलेलं हरिकेन

नमस्कार मंडळी. मागे भिंतीला टेकून उभे आहात त्यांनी पुढे या, पहिल्या रांगेतल्या खुर्च्या रिकाम्या आहेत. टेबलावरचं विमान बघायला नंतर भरपूर वेळ मिळणारे, आत्ता फक्त त्याच्या शेपटीला धरून उचलू नका म्हणजे झालं. विषय आहे स्केल वॉरबर्डचं, म्हणजे खऱ्या लढाऊ विमानाच्या प्रमाणात केलेल्या उडत्या मॉडेलचं, फिनिशिंग. ग्लासिंग म्हणजे काचतंतूचं कापड चढवणं, पॅनल लाइन म्हणजे पत्र्यांच्या सांध्यांच्या रेघा, रिव्हेट, रंग, वेदरिंग म्हणजे वापरानी पडलेले डाग आणि झीज, सगळं सांगणारे. पण आधी जरा वेगळं बोलतो, कारण ते बोलल्याशिवाय बाकीच्याला अर्थ नाही.

इथे कोणाकोणाकडे मस्टँग आहे? हात वर करा. बघा, अर्धा हॉल. स्पिटफायर? उरलेला अर्धा. आता भारतीय वायुदलाच्या खुणा असलेलं विमान? तेजस, हां, फोमचं का असेना, वाजवा टाळ्या. पण महायुद्धातलं, पंख्याचं, आपल्या स्क्वॉड्रनचं, म्हणजे वायुदलाच्या तुकडीचं? एकही हात नाही. आणि हे पुण्यात, जिथे लोहगावची धावपट्टी 1939 पासून आहे, जिथे खडकवासल्याला एनडीए आहे, जिथे सकाळी गच्चीत चहा पिताना डोक्यावरून सुखोई जातं आणि आपण सगळे कप हातात धरून वर बघतो.

माझं म्हणणं असं आहे की फिनिशिंग सुरू होतं प्लॅन उलगडायच्या आधी, विमान निवडतो तेव्हा. "कुठलंतरी एक स्पिटफायर" असं विमान जगात कधी उडलेलंच नाही. प्रत्येकाला नंबर होता, स्क्वॉड्रन होती, कुठल्यातरी मैदानावरची धूळ होती. ते एक विमान ठरलं की रंग, खुणा, डाग, सगळे प्रश्न आपोआप सुटतात, आणि ते ठरलं नसेल तर मग आपण खोक्यावरच्या चित्राची नक्कल करत बसतो.

मी हरिकेन घेतलं, ब्रिटिश बनावटीचं लढाऊ विमान. हरिकेन पहिल्यांदा उडलं नोव्हेंबर 1935 मधे, एकूण चौदा हजारांच्या वर बनली, आणि 1940 साली ब्रिटनवरच्या लढाईत स्पिटफायरपेक्षा जास्त जर्मन विमानं ह्यानी पाडली, तरी कौतुक सगळं स्पिटफायरचं, असो, त्यावर बोललो तर रात्र होईल. आपल्यासाठी महत्त्वाचं हे की ब्रह्मदेशाच्या आघाडीवर भारतीय वायुदलाचं मुख्य विमान हेच होतं. 1944 च्या सुरुवातीला नंबर 1 स्क्वॉड्रन इंफाळला गेली, कमांडिंग ऑफिसर होते अर्जन सिंग, वय चोवीस, पंचवीसही पूर्ण नाही, आणि त्याच वर्षी त्यांना डीएफसी हे शौर्यपदक मिळालं. तिकडे आराकानमधे, म्हणजे ब्रह्मदेशाच्या किनारपट्टीवर, मेहर सिंगांची नंबर 6 स्क्वॉड्रन, जिला चौदाव्या आर्मीचे, म्हणजे तिथे लढणाऱ्या ब्रिटिश-भारतीय सैन्याचे, डोळे म्हणायचे, कारण जंगलावरून अगदी खालून उडत जपानी तळांचे फोटो काढून आणायचं काम त्यांच्याकडे. दुसऱ्या महायुद्धात डीएसओ हा लष्करी सन्मान मिळालेले भारतीय वायुदलाचे एकमेव अधिकारी म्हणजे मेहर सिंग. मला सांगा, ह्या माणसांची विमानं आपण नाही करायची तर कोणी करायची?

आता ह्या विमानांवरचं चिन्ह बघा, टेबलावरच्या मॉडेलवर आहे तेच. गडद निळं वर्तुळ, आत फिका निळा. लाल कुठेच नाही. ब्रिटिश राउंडेलमधे, म्हणजे विमानावरच्या ह्या गोल चिन्हात, मधोमध लाल असतो हे शाळेतल्या पोरालाही माहिती, मग इथे का नाही? कारण समोर जपानी. त्यांच्या पंखावर मोठा लाल गोळा. जंगलावर, ढगात, दोन सेकंदात ठरवायचं असतं की गोळी घालायची का नाही, आणि तेव्हा लाल दिसला की बोट ट्रिगरवर जातं. अमेरिकेनी ह्याच कारणानी 1942 मधे स्वतःच्या विमानांवरच्या चांदणीतला लाल ठिपका पुसला, आणि 1943 मधे आपल्याकडच्या आघाडीवरच्या विमानांचाही लाल गेला. म्हणजे ह्या दोन निळ्या वर्तुळांमुळे माणसं जिवंत घरी आली. मला मॉडेलवरचं सगळ्यात मोलाचं काय वाटतं विचाराल तर हेच, आणि रंगाचा खर्च बघाल तर पन्नास रुपये नाही.

आणि आता माझी तक्रार. एका प्रदर्शनात, नाव घेत नाही, हे हरिकेन स्टॅटिक जजिंगला, म्हणजे न उडवता नुसतं बघून मार्क देतात त्याला, ठेवलं होतं. जज आले, वाकून बघितलं, चाकांच्या दरवाज्यांना मान हलवली, एक्झॉस्टच्या काजळीला छान म्हणाले, आणि मग पेनानी राउंडेलकडे बोट दाखवून म्हणतात, "ह्यात लाल राहिला." मी म्हटलं, सर, राहिला नाही, नव्हताच. फाइल उघडली, फोटो दाखवला, काळापांढरा आहे पण मधला भाग फिका आहे हे आंधळ्यालाही दिसेल, लाल असता तर काळपट आला असता. ते म्हणाले, फोटो उडालेला असेल. फोटो उडालेला! बाजूचा नंबर स्वच्छ वाचता येतोय आणि फक्त मधलं वर्तुळ उडालं? खुणांचे मार्क कापले, आणि शेजारच्या टेबलावर इंफाळचं म्हणून ठेवलेल्या, झगझगीत लाल ठिपका असलेल्या विमानाला पूर्ण दिले. मार्कांचं मला काही नाही. मला त्रास ह्याचा होतो की त्या दिवशी तिथे शाळेतली मुलं होती आणि ती आपल्याच वायुदलाबद्दल चुकीचं शिकून घरी गेली. तेव्हापासून मी प्रत्येक मॉडेलबरोबर फोटोंची फाइल टेबलावर उघडीच ठेवतो, तुम्हीही ठेवा, आणि दिल्लीला गेलात तर पालमच्या एअर फोर्स म्युझियममधे खरं हरिकेन उभं आहे, अर्धा दिवस काढून जा, टेप घेऊन जा.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं. बरं, मग पटापट.

हरिकेनला दोन कातड्या आहेत. पुढे धातूचे पत्रे, आणि कॉकपिटच्या मागे लाकडी पट्ट्यांवर ताणलेलं कापड. मॉडेलमधेही तेच करा. पुढे बाल्सा शीट, म्हणजे हलक्या लाकडाचा पातळ पत्रा, त्यावर 25 ग्रॅमची ग्लास क्लॉथ, पाण्याच्या पॉलियुरेथेन वॉर्निशनी चिकटवा, इपॉक्सीपेक्षा हलकं पडतं आणि वासानी घरचे ओरडत नाहीत. मागे स्ट्रिंगर, म्हणजे त्या लांब पट्ट्या, उघडे ठेवून त्यावर कापड, इस्त्रीनी ताणायचं, पट्ट्या बाहेरून दिसल्याच पाहिजेत. मागचा भाग शीटनी गुळगुळीत केलात तर ते हरिकेन राहतच नाही.

वजन. नाक आखूड, शेपूट लांब. शेपटीला 10 ग्रॅम चढले की नाकात वीस-पंचवीस ग्रॅम शिसं जातं, म्हणून मागे प्रायमर जवळजवळ सगळा घासून काढायचा, आणि प्रत्येक कोटच्या आधी आणि नंतर काट्यावर ठेवायचं. एक षष्ठांश स्केलला पंख दोन मीटरचा होतो, पाच-सहा किलोत बसवा, मस्त उडतं. हरिकेनची चाकं पसरलेली, खऱ्यात सुमारे साडेसात फूट अंतर, स्पिटफायरची पावणेसहा, त्यामुळे आपल्याकडच्या उंचसखल मैदानावर टॅक्सी करताना पंख टेकत नाही. हे एक कारणसुद्धा हरिकेन करायला पुरेसं आहे.

पॅनल लाइनला बारीक टेप लावा, वरून दोन-तीन कोट प्रायमर, घासा, टेप काढा, रेघ तयार. रिव्हेट म्हणजे सुईच्या सिरिंजमधून फेविकॉलचे थेंब, कंटाळवाणं आहे, रेडिओ लावून करा. कापडाच्या भागावर रिव्हेट अजिबात नाही, तिथे रिब टेप, म्हणजे आतल्या फासळ्यांवरून कापडावर चिकटवलेल्या पट्ट्या.

रंग वर डार्क अर्थ आणि डार्क ग्रीन, खाली मीडियम सी ग्रे. डब्यातला रंग थेट मारू नका, थोडा पांढरा मिसळा, लहान मॉडेलवर गडद रंग खेळण्यासारखा दिसतो. जुलै-ऑगस्टमधे तर मारूच नका, पुण्याच्या दमट हवेत लॅकरवर पांढुरकी झाक येते, पावसाळ्यात स्ट्रक्चर करा आणि रंग दिवाळीनंतर. वेदरिंगला कारण पाहिजे. मेकॅनिक पंखावर जिथे पाय देतो तिथेच रंग उडालेला, चंदेरी पेन्सिलीनी, तोही धातूवर, कापडावर चंदेरी ओरखडा काढाल तर मी उठून जाईन. एक्झॉस्टची काजळी मागे निमुळती, तोफांच्या मागे धुराचे पट्टे, पोटाला तेल. शेवटी मॅट क्लिअरचा एकच पातळ कोट.

संपली वेळ. टेबलावर दोन पॅनल ठेवलीत, एक ग्लासचं, एक नुसत्या फिल्मचं, म्हणजे इस्त्रीनी चिकटवलेल्या प्लास्टिकचं, दोन्ही हातात घेऊन वजनातला फरक बघा. फोटोंची फाइल आहे, मोबाईलवर काढून घ्या. आणि पुढचं विमान आपल्या स्क्वॉड्रनचं करणार असाल तर चहा घेताना मला गाठा, हरिकेनचा प्लॅन मोठा करून घेतलेला आहे, झेरॉक्स देतो.