बाहेर तांबं, आत पांढरं

(उभी गाडी. पत्र्यावर पाऊस. गाडीच्या स्पीकरवर पखवाजाची थाप, आणि एकदम शांतता.)

ऐकलंत? बुवांनी गजर धरला, पखवाजाच्या धुमेवर पहिली जोरदार थाप पडली आणि आवाज गेला. तीन-चार सेकंदांत परत येईल. पुढची थाप पडली की पुन्हा जाईल.

गाडी मालवणची. बारा महिने समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, माडाखाली उभी असते. मालकाला डबलबारीचा, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याचा नाद, म्हणून डिकीत अँप (आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर) आणि वूफर (खर्जाचा मोठा स्पीकर). दोन पावसाळे सगळं छान वाजलं. तिसऱ्या श्रावणात हे सुरू झालं. गणपती आठ दिवसांवर आलेले. अँप जळला असं धरून त्याने नव्याची किंमतही काढून ठेवली होती. कुडाळच्या मिस्त्रींनी अँपला हातसुद्धा लावला नाही. म्हणाले, "अँप बरो आसा. जळलेलो अँप परत वाजता काय?"

मिस्त्रींचं हत्यार म्हणजे साधा मल्टिमीटर, डीसी २० व्होल्टवर लावलेला. इंजिन बंद, गाणं बंद. बॅटरीवर १२.६ व्होल्ट. डिकीत अँपच्या टर्मिनलवरही १२.६. म्हणजे वायर ठीक?

पोफळीच्या बागेला पाणी लावणारा कुणीही सांगेल, शेवटचा नळ बंद असेल तर चेपलेल्या पाईपातही दाब पुरेपूर असतो. नळ सोडल्यावर कळतं पाईप कुठे चेपलाय ते. वायरचंही तसंच. करंट वाहत नसेल तर व्होल्टेज पडत नाही, आणि खराब सांधा चांगल्यासारखा दिसतो.

वायर जोडलेली आहे असं सांगणारा मीटरचा बीप तर त्याहून लबाड. इथे आपण ज्या दोषामागे आहोत तो ओहमच्या शंभराव्या हिश्श्यातला. मीटरच्या स्वतःच्या दोन पिनांचा रोध त्यापेक्षा जास्त असतो. बीप वाजला म्हणून निर्धास्त झालेले कितीतरी लोक अँप बदलून बसलेत.

म्हणून इंजिन चालू. पण भजन बंद. थाप येते आणि जाते, मीटरचा आकडा तिच्यामागे धावू शकत नाही. त्याला हवा सलग सूर, ५० हर्ट्झचा. कंटाळवाणा आहे, कानाला अजिबात गोड नाही, पण आकडा स्थिर राहतो. वायरभोवती अडकवून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर दाखवतो ४० ॲम्पियर. बॅटरीवर १३.८ व्होल्ट. अँपवर १०.३. थापेच्या क्षणी ते आणखी खाली जात असणार, आणि व्होल्टेज फारच पडलं की अँप स्वतःला वाचवायला बंद होतो. म्हणजे बिचारा शहाणपणाने वागत होता.

मग हे साडेतीन व्होल्ट गेले कुठे?

आता मिस्त्री मीटरच्या दोन्ही पिना एकाच वायरच्या दोन टोकांना लावतात. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून अँपच्या पॉझिटिव्हपर्यंत, फ्यूज धरून, ०.४ व्होल्ट. पाच मीटर वायरला चालण्यासारखं. आता निगेटिव्हची बाजू, अँपच्या ग्राउंड टर्मिनलपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत. ३.१.

चोर अर्थिंगमध्ये, म्हणजे गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परतणाऱ्या वाटेवर. तेही दोन ठिकाणी. मिस्त्री मधल्या टप्प्यावर थांबून मोजतात: अँपच्या टर्मिनलपासून गाडीच्या पत्र्यापर्यंत २.४, आणि पत्र्यापासून बॅटरीपर्यंत ०.७.

हिशेब करा. २.४ व्होल्ट गुणिले ४० ॲम्पियर, म्हणजे ९६ वॅट. जुन्या शंभराच्या बल्बाएवढी उष्णता, अर्थची वायर पत्र्याला धरणाऱ्या एका स्क्रूखाली. डिकीतलं कार्पेट उचललं तर त्याची खालची बाजू तिथे वितळून चिकटलेली.

स्क्रू रंगावरच आवळलेला होता. रंग हा काही वाहक नाही. जे काही चालत होतं ते स्क्रूच्या आट्यांवर. थिंबलवर, म्हणजे वायरच्या टोकाला दाबलेल्या धातूच्या कडीवर, पांढरी भुकटी. तांबं कळकलं की हिरवं होतं, मग हे पांढरं कसलं? मिस्त्री वायर कापून ब्लेडने एक तंतू खरवडतात. वरून तांबं, आत पांढरं. ॲल्युमिनियमला तांब्याचा मुलामा. अशा वायरची वाहकता तेवढ्याच जाडीच्या शुद्ध तांब्याच्या साधारण ६० ते ६५ टक्केच. घाटावर ती एखादवेळेस खपून जाईल. इथे ॲल्युमिनियम, तांबं आणि त्यांच्यामध्ये खारी ओल, की झाला एक छोटा सेल तयार. तो ॲल्युमिनियम खात सुटतो.

बदली वायर मिस्त्रींनी मालवणच्या बंदरावरून, होड्यांचं सामान विकणाऱ्या दुकानातून आणलेली. तीही पांढरी दिसते! पण खरवडली की आत लालबुंद तांबं. वरचा पांढरेपणा कथिलाचा. आजी पितळेच्या टोपाला जी कल्हई लावून घ्यायची, तीच ही, तारेवर. ट्रॉलरवाल्यांना हे आधीपासून माहीत आहे. आपण गाडीवाले उगाच शहरातली चकचकीत वायर मागवतो.

बॅटरीचं निगेटिव्ह आधी सोडलं जातं. मग रंग पॉलिश पेपरने घासून चकाकता पत्रा उघडा होतो, स्क्रूच्या जागी नट-बोल्ट, दातेरी वॉशर, नीट दाबलेलं थिंबल. आवळून झाल्यावर वरून ग्रीस. सीटबेल्टचा बोल्ट तयारच असतो म्हणून बरेच जण अर्थिंगला तोच वापरतात. तसं करू नका. तो माणसाला धरून ठेवण्यासाठी आहे. बॅटरीजवळची जुनी अर्थ पट्टीही गंजलेली निघाली, तीही बदलली. फ्यूज मात्र बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत, जागेवर होता. आधी कुणीतरी त्यात चांदीचा कागद घातलेला नाही, हे या गाडीचं नशीब. फ्यूज अँपसाठी नसतो, वायर पेटू नये म्हणून असतो.

पुन्हा तोच कंटाळवाणा सूर, तेच ४० ॲम्पियर. अर्थिंगच्या बाजूला ०.२. अँपवर १३.२.

मग बुवा. गजर. थाप. पुन्हा थाप. डिकीचा पत्रा थरथरतो, आवाज जात नाही. मालक पैसे काढतो, नव्या अँपची चौकशी केली होती हे आता सांगत नाही. मिस्त्री हात पुसत डिकी लावतात.

"गणपती झाले की परत येवा. नट एकदा बघूया."