पोर्ट कुठल्या व्हीलॅनचा?

अंधेरी एमआयडीसीतलं एखादं मध्यम ऑफिस घ्या. चोवीस पोर्टांचा स्विच, म्हणजे केबल लावायच्या चोवीस जागा असलेली नेटवर्कची पेटी. पोर्ट 1 ते 8 अकाउंट्स, 9 ते 18 सेल्स, 19 ते 22 वर कॅमेरे, 23 वर वायफायचा ॲक्सेस पॉइंट आणि 24 वरून राउटरकडे जाणारी केबल. व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचमध्ये पाडलेलं वेगळं नेटवर्क. अकाउंट्सला व्हीलॅन 20, सेल्सला 30, कॅमेऱ्यांना 40 द्यायचा. नंबर 1 ते 4094 पैकी चालतो (सिस्कोवर 1002 ते 1005 सोडून). फ्रेमला, म्हणजे डेटाच्या पाकिटाला, व्हीलॅनची चिठ्ठी लागते तो टॅग; त्यात नंबरासाठी 12 बिट आहेत, त्यातले 0 आणि 4095 राखीव. पण 1 कामाच्या माणसांना देऊ नका, तो सगळ्या पोर्टांचा मूळचा असतो.

प्रत्येक पोर्टला दोन प्रश्न विचारायचे. बिनटॅगची फ्रेम आत आली तर ती कुठल्या व्हीलॅनची धरायची? आणि बाहेर पाठवताना टॅग ठेवायचा की काढायचा? बहुतेक घोटाळे हे दोन प्रश्न एकच समजल्यामुळे होतात.

सिस्को कंपनीच्या स्विचवर ॲक्सेस पोर्टला (एकाच व्हीलॅनच्या पोर्टला) दोन्ही उत्तरं एकदम मिळतात. आधी व्हीलॅन 20 तयार करून त्याला नाव द्या. मग इंटरफेस रेंजने 1 ते 8 एकत्र निवडा, 'स्विचपोर्ट मोड ॲक्सेस' लिहा, त्याखाली 'स्विचपोर्ट ॲक्सेस व्हीलॅन 20'. पहिली ओळ गाळू नका. ती नसेल तर काही मॉडेलांवर समोरच्या यंत्राशी बोलणी होऊन पोर्ट आपोआप ट्रंक, म्हणजे अनेक व्हीलॅन वाहणारा, होऊ शकतो.

वेब पानावरून चालणाऱ्या स्वस्त स्विचवर मात्र ही उत्तरं दोन वेगळ्या पानांवर असतात, आणि खरी गंमत तिथे आहे. एका पानावर पोर्ट 5 ला व्हीलॅन 20 मध्ये 'अनटॅग्ड' केलं, सेव्ह केलं, पण पीव्हीआयडीचं, म्हणजे बिनटॅगची फ्रेम कुठल्या व्हीलॅनची धरायची त्या नंबरचं, पान उघडलंच नाही. तिथे अजून 1 आहे. आता कॉम्प्युटरने आयपी मागितला की ती मागणी व्हीलॅन 1 मध्ये जाते. तिथे डीएचसीपी (आयपी पत्ते वाटणारी सेवा) नसेल तर 169.254 ने सुरू होणारा पत्ता दिसतो, आणि बिघाड आहे हे तरी कळतं. पण तिथे डीएचसीपी असेल आणि पोर्ट 5 व्हीलॅन 1 मधून काढलेलाच नसेल, तर इंटरनेट मस्त चालतं, कोणी तक्रार करत नाही, आणि अकाउंट्सचं यंत्र महिनोन्महिने चुकीच्या नेटवर्कमध्ये बसून राहतं. म्हणून तीन खुणा: 20 मध्ये अनटॅग्ड, पीव्हीआयडी 20, आणि 1 मधून बाहेर.

23 आणि 24 हे ट्रंक. तिथे 20, 30, 40 टॅगसह जातात, फक्त नेटिव्ह व्हीलॅन बिनटॅगचा. केबलच्या दोन्ही टोकांना नेटिव्ह सारखा नसेल तर एका व्हीलॅनची रहदारी दुसऱ्यात शिरते. ॲक्सेस पॉइंटकडे कॅमेऱ्यांचा 40 कशाला न्यायचा? जे लागतं तेवढंच चालू ठेवा. पुढे पाहुण्यांच्या वायफायसाठी 50 वाढवायचा झाला, तर सिस्कोवर 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ॲड 50' लिहा. 'ॲड' लिहायचं राहिलं की जुनी यादी पुसून फक्त 50 उरतो आणि सगळं ऑफिस फोन उचलतं.

हे काम लांबून करत असाल, म्हणजे तुम्ही बोरिवलीत आणि स्विच अंधेरीत, तर आधी 'रिलोड इन 10' द्या. सेव्ह करू का विचारलं तर नाही म्हणा. चुकून स्वतःचाच रस्ता तोडलात तर दहा मिनिटांनी स्विच रीस्टार्ट होऊन जुन्या सेटिंगसह उठतो. सगळं ठीक असेल तर 'रिलोड कॅन्सल', आणि मगच 'राइट मेमरी'. ही शेवटची ओळ राहिली तर पुढच्या वेळी वीज गेली की पोर्टांचे सगळे बदल गेले.

तपासताना 'शो व्हीलॅन ब्रीफ' बघा. त्यात 23 आणि 24 दिसणार नाहीत, घाबरू नका. चालू ट्रंक त्या यादीत येतच नाहीत, त्यांच्यासाठी 'शो इंटरफेसेस ट्रंक'.