प्रश्न आपला, खर्चही आपलाच हवा

मंडळी, एका डबीपासून सुरुवात करते.

मी एका जिल्हा रुग्णालयात समुपदेशक होते. 2006 साली एक बाई दर महिन्याला यायच्या. नवरा एचआयव्ही पॉझिटिव्ह, त्या निगेटिव्ह. नवऱ्याच्या एआरटीची, म्हणजे विषाणू दाबून ठेवणाऱ्या गोळ्यांची, प्लास्टिकची डबी पदराखाली धरून घरी न्यायच्या. डबीत वरपर्यंत कापूस कोंबलेला असायचा. गोळ्या खुळखुळल्या की सासू विचारायची, म्हणून. प्रश्न त्यांचा ठरलेला: "ताई, ह्यांच्या गोळ्या चालू आहेत, म्हणजे मला होणार नाही ना?" मी म्हणायचे, निरोध वापरा. दुसरं सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. निरोध वापरायचा की नाही हे त्या घरात कोण ठरवतं, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर आलं मे 2011 मध्ये. एचपीटीएन 052 नावाची चाचणी होती. नऊ देशांतली 1,763 जोडपी, प्रत्येकात एकजण पॉझिटिव्ह आणि दुसरा निगेटिव्ह. त्यात पुण्याची आणि चेन्नईची जोडपीही होती. निम्म्या जोडप्यांत पॉझिटिव्ह जोडीदाराला लगेच गोळ्या दिल्या, निम्म्यांत सीडी-फोर, म्हणजे रक्तातल्या संरक्षक पेशींची संख्या, खाली उतरल्यावर. लागण जोडीदाराकडूनच झाली असं विषाणू तपासून सिद्ध झालेल्या 28 घटना निघाल्या. त्यातल्या 27 उशिरा गोळ्या मिळालेल्या गटातल्या, लगेच मिळालेल्या गटातली फक्त एक. निकाल इतका स्वच्छ होता की तो मुदतीआधीच जाहीर करावा लागला. 2017 मध्ये भारतानं तपासणीत पॉझिटिव्ह निघालेल्या प्रत्येकाला, सीडी-फोर कितीही असो, गोळ्या द्यायचं धोरण घेतलं, त्यामागे हा पुरावा आहे. आता समुपदेशक त्या बाईंना सांगू शकतो: गोळ्या चुकल्या नाहीत आणि रक्तातला विषाणू दबलेला राहिला, तर तुम्हाला त्यांच्याकडून लागण होणार नाही.

हे उत्तर शोधायचा खर्च कुणी केला? मुख्यतः अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं, म्हणजे तिथल्या करदात्यांनी. जोडपी आपली, दर भेटीला रक्त देणारे हात आपले, पुण्यातले डॉक्टर आणि परिचारिका आपल्या.

अशी ही एकच चाचणी नव्हे. भोसरीची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था 1992 साली उभी राहिली, ती आपल्या सरकारची, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची (आयसीएमआर). तिथल्या डॉ. रमण गंगाखेडकरांनी, करोनाच्या दिवसांत टीव्हीवर रोज दिसायचे तेच, 1997 साली सहकाऱ्यांबरोबर एक निबंध प्रसिद्ध केला. पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या, देहविक्री न करणाऱ्या 391 स्त्रियांपैकी 13.6 टक्के एचआयव्हीबाधित निघाल्या होत्या. त्यातल्या बहुतेकींना आयुष्यात एकच पुरुष माहीत होता, नवरा. तोवर आपण सगळे बुधवार पेठेकडे बोट दाखवत होतो. त्या निबंधानं ते बोट आपल्याच उंबऱ्याकडे वळवलं. त्या कामातही अमेरिकी विद्यापीठाची साथ आणि अमेरिकी पैसा होता. त्या मदतीबद्दल मी कायम कृतज्ञ आहे. पण दुसऱ्याच्या विहिरीवर किती वर्षं पाणी भरायचं?

2025 मध्ये ती विहीर आटली. अमेरिकी सरकारनं परदेशी मदत थांबवली आणि दक्षिण आफ्रिकेत सुरू होण्याच्या बेतात असलेली एचआयव्ही लशीची चाचणी जागच्या जागी अडकली. योनीत बसवायच्या नव्या प्रतिबंधक रिंगची चाचणी तर अर्ध्यावर थांबली. बायकांच्या शरीरात रिंग होती आणि वरून आदेश आला, काम बंद करा. त्याच वर्षी अमेरिकेतल्याच ड्यूक विद्यापीठ आणि स्क्रिप्स संशोधन संस्थेतल्या लस-संशोधनाचं अनुदानही पुढे चालू न ठेवण्याचं ठरलं. भारतातला विषाणू बहुतांशी सी उपप्रकाराचा, दक्षिण आफ्रिकेतलाही तोच. तिथली चाचणी थांबली म्हणजे आपल्याही उपयोगाचं काम थांबलं.

लोक म्हणतात, औषध कंपन्या आहेत की. आहेत, आणि त्यांनी मोठं काम केलंय. लेनाकापाविर हे लागण टाळणारं, सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन कंपनीनंच आणलं. 2024 मध्ये दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत ते घेणाऱ्या 2,134 मुली-स्त्रियांपैकी एकीलाही लागण झाली नाही. बातमी वाचली तेव्हा मी रडले. ते स्वस्तात बनवायचा परवाना मिळालेल्या कंपन्यांत पुण्याचीही एक आहे.

पण आता आपला प्रश्न ऐका. बीडमधून ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या आगेमागे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. हंगाम साधारण सहा महिन्यांचा. नवऱ्याचं एआरटी केंद्र मागे गावाकडे राहतं, कोयता कुठल्या कारखान्यावर पडेल ते मुकादम ठरवतो, गोळ्या संपतात, विषाणू पुन्हा वाढतो. अशा वेळी त्याच्या निगेटिव्ह बायकोला निघण्याआधी हे एक इंजेक्शन दिलं, तर हंगामभर ती सुरक्षित राहील का? ती ते घेईल का? टोळीत कुणाला कळू न देता कसं द्यायचं? दुसरा डोस चुकला तर पुढे काय? ह्याची उत्तरं शोधून कुठल्या कंपनीला नफा होणार आहे? हे काम सरकारचंच आहे.

सरकारकडे नियत नाही असं मी म्हणणार नाही. 2004 पासून गोळ्या मोफत आहेत. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या पाचव्या टप्प्याला, 2021 ते 2026 साठी, 15,471.94 कोटी रुपये केंद्रानं स्वतःच्या तिजोरीतून मंजूर केले. कार्यक्रम आपण आपल्या पैशानं चालवू शकतो, हे सिद्ध झालंय. संशोधनाचं मात्र तसं झालं नाही. एकूणच सगळ्या विषयांच्या संशोधनावर आपण 2020-21 मध्ये देशाच्या सकल उत्पादनाच्या (जीडीपी) 0.64 टक्के खर्च केला. माझी मागणी साधी आहे: पुढच्या टप्प्यात प्रतिबंध-संशोधनासाठी वेगळी, नावानिशी तरतूद हवी. औषधाच्या पैशातून काढलेली नको, आणि दरवर्षी हात पसरून मागावी लागणारीही नको.

दाराजवळच्या टेबलावर खासदारांना द्यायचं निवेदन ठेवलंय. जाताना वाचा, पटलं तर सही करा. ह्या सभागृहात असे काहीजण असतील, ज्यांना ह्या कागदावर नाव लिहिणं परवडणारं नाही. त्यांनी टेबलाकडे फिरकूही नये. बाकीच्यांनी मात्र सही केल्याशिवाय जाऊ नये.