चेसिसभोवतीची मोकळी जागा

श्रोतेहो, नमस्कार. नुसत्या चेसिसवर, म्हणजे बॉडीशिवाय आलेल्या गाडीच्या सांगाड्यावर, ट्रकची, व्हॅनची किंवा फिरत्या दुकानाची बॉडी बांधून घेणाऱ्यांशी आणि बांधणाऱ्या कारागिरांशी आज बोलायचं आहे. चेसिस येते तेव्हा सायलेन्सरभोवती आणि स्टीअरिंगच्या दांड्यांभोवती बरीच जागा रिकामी दिसते. तिथे हमखास एखादी पेटी किंवा पाण्याची टाकी बसवली जाते. ती जागा रिकामी नसते. उष्णतेला आणि हालचालीला ती लागतेच.

आधी उष्णता. डिझेल गाडीत काजळी अडवणारं फिल्टर असेल, तर ते स्वतःला साफ करताना आतलं तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. साधं प्लायवुड याच्या निम्म्या तापमानालाही पेट घेऊ शकतं. शिवाय रोज थोडंथोडं भाजत राहिलेलं लाकूड कोळशासारखं होतं आणि त्याहूनही कमी उष्णतेत पेटतं. म्हणून ‘वर्षभर काही झालं नाही’ हा पुरावा मी मानत नाही. वायरवरचं नेहमीचं पीव्हीसी आवरण तर साधारण ७० अंशांपर्यंतच टिकतं.

धुराचा पाइप आणि बॉडी यांच्यामध्ये चकचकीत पत्रा लावा, पण पत्रा आणि बॉडी यांच्यातही हवा खेळू द्या. पत्रा थेट लाकडाला ठोकला, तर तोच तापून लाकूड भाजतो. गाडी थांबल्यावर वारा थांबतो आणि आजूबाजूचे भाग आणखी तापतात, हेही धरून चला. पाइप तापला की लांबतोही: तीन मीटरचा पोलादी पाइप ४०० अंशांनी तापला तर सुमारे १४ मिलिमीटर. त्याला बॉडीशी घट्ट जखडू नका. धुराचं तोंड बॉडीच्या कडेबाहेर काढा. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. फटीतून तो आत साचला तर माणसाला कळतही नाही.

आता स्टीअरिंग. त्याचा कोणताही भाग तापवून वाकवू नका, त्यावर वेल्डिंग करू नका. जवळपास वेल्डिंग करायचंच असेल, तर बॅटरी सोडवा आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी शेजारी लावा. नाहीतर करंट सांध्यांतून आणि बेअरिंगमधून वाट काढतो. चाकांना जागा पुरते का, हे रिकाम्या गाडीवर पाहून उपयोग नाही. माल भरून, स्प्रिंगचे पाटे दबलेले असताना स्टीअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून पाहा.

आणि ज्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं ते म्हणजे मागचं वजन. दोन ॲक्सलमध्ये ४ मीटर अंतर आहे आणि मागच्या ॲक्सलच्या २ मीटर मागे ५०० किलोचा जनरेटर बसवला, तर पुढच्या चाकांवरचा २५० किलो भार कमी होतो. स्टीअरिंग हलकं लागतं, चालकाला ते सोयीचं वाटतं. ओल्या रस्त्यावर मात्र वळवलेली गाडी सरळच जाते. गिऱ्हाईक कितीही आग्रह करो, तिथे नाही म्हणा.

शेवटचं पॅनेल रिव्हेटने बंद करण्याआधी गाडी भरून एक लांब फेरी मारा. परतल्यावर खाली वाका आणि रंग कुठे पिवळा पडलाय, रबरी नळी कुठे घासलीय ते पाहा. आणि स्टीअरिंगच्या सांध्यांसमोरचं पॅनेल रिव्हेटने नको, स्क्रूनेच बसवा. पुढे ग्रीस भरणाऱ्याचा हात तिथवर पोचला पाहिजे.