तिळारीचं पाणी धरून

(सायकलप्रेमींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. तिळारीला जायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, तिथे पॉइंट किती आहेत? आहेत ना. घाटमाथ्यावर स्वप्नवेल पॉइंट आहे, पारगड आहे, खाली मांगेलीचा धबधबा आणि धरणाची भिंत आहे. गाडी काढलीत तर एका दिवसात सगळं उरकतं आणि फोटोही चांगले येतात. पण मला विचाराल तर तिळारीचं खोरं त्यातून निसटून जातं. म्हणून माझा आग्रह आहे की पाणी धरून चला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडच्या माथ्यावर जमलेलं पाणी तिळारी नदी होऊन सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात उतरतं, गोव्यात शिरतं आणि तिथे शापोरा या नावाने समुद्राला मिळतं. या वाटेने सायकल जाईल तिथवर सायकलने आणि पुढे पायी गेलं, तर एकाच नदीची चार-पाच वेगवेगळी रूपं दिसतात.

सुरुवात वरून करा. तिळारीनगरपासून घाट उतरायला लागलात की हवा बदलते. वर मोकळं, वाऱ्याचं पठार आणि खाली दमट, दाट झाडी. उतार तीव्र आहे, वळणं अंगावर येतात. सायकलवाल्यांनी इथे वेग घेऊ नये. पुढचा-मागचा ब्रेक आलटून पालटून सोडत उतरायचं आणि दर दोन-तीन वळणांनी थांबून रिम गार होऊ द्यायची. या थांब्यांचा फायदा असा की तुम्ही नाइलाजाने बघायला लागता. रस्त्याच्या कडेने पाझर असतात. ऊन वर आलं की ओल्या मातीवर फुलपाखरं उतरतात, त्यांत नीलवंतही असतो, आपल्या राज्याचं फुलपाखरू. मातीतले क्षार शोषायला ते बसतात आणि बसणारे बहुतेक नरच असतात. सावली न पाडता, हळू, खाली वाकून गेलात तर सोंड मातीत टेकवून मागून पाण्याचे थेंब टाकणारं फुलपाखरू हातभर अंतरावरून बघता येतं.

पायथ्याला वीजघर. वरच्या धरणाचं पाणी बोगद्यातून खाली येतं आणि इथे त्याची वीज होते. आजूबाजूला घाटीवडे, बांबर्डे, हेवाळे ही गावं. या गावांत एक जागा आहे, तिच्यासाठी मी तुम्हाला एक अख्खा दिवस काढायला सांगेन. ती म्हणजे हेवाळे-बांबर्ड्याची रानजायफळाची राई. ही देवराई आहे, भालांडेश्वराची. क्षेत्र अवघं 2.59 हेक्टर, आणि शासनाने तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला आहे. इथलं रानजायफळ म्हणजे मायरिस्टिका मॅग्निफिका, हे झाड मुळात दक्षिणेकडचं, केरळ-कर्नाटकातल्या गोड्या पाण्याच्या दलदलींतलं. इतक्या उत्तरेला ते इथे टिकलं, कारण इथे पाणी बारमाही आहे आणि देवाच्या धाकाने कुऱ्हाड आत गेली नाही.

राईत शिरलात की आधी वर बघू नका, खाली बघा. जमीन काळी, चिखलाची, पाणी झिरपत असलेलं. त्या चिखलातून दुमडलेल्या गुडघ्यांसारखी मुळं वर आलेली दिसतात. मूळ जमिनीतून वर येतं, वळतं आणि पुन्हा खाली जातं. चिखलात हवा खेळत नाही, मुळांना श्वास घ्यायला बाहेर यावं लागतं. वळणाच्या टोकाशी साल खरबरीत असते, तिथल्या बारीक छिद्रांतून हवा आत जाते. म्हणून या मुळांवर पाय द्यायचा नाही, त्यांच्यावर बसून फोटो तर मुळीच काढायचा नाही. बुंध्याजवळ आधारमुळंही असतात, खोडातून तिरकी निघून चिखलात रुतलेली. फळ पिकून उकललं की आत बीवर लाल जाळी दिसते. ती खायला धनेश पक्षी येतो, इथले लोक त्याला गरुड म्हणतात. बी लांब नेऊन टाकण्याचं काम त्याच्याकडे. त्याला ढोलीसाठी जुनी, जाड खोडं लागतात. म्हणजे राई राखायची तर राईबाहेरची म्हातारी झाडंही राखावी लागतात.

गावातल्या जाणत्या माणसाला विचारूनच राईत जा. चपला बाहेर ठेवा, वाळकी काटकीसुद्धा उचलू नका. राखीव जंगलातल्या पायवाटांसाठी वनखात्याची परवानगी आधीच काढा.

आता हत्तींबद्दल, कारण हे न सांगता तुम्हाला पाठवणं बरोबर नाही. 2002 साली मांगेलीच्या बाजूने कर्नाटकातून हत्ती दोडामार्गात आले आणि तेव्हापासून या गावांना हत्तींचा विषय सुटलेला नाही. केळी, माड, सुपारी, भात, सगळ्याचं नुकसान होतं, माणसंही दगावली आहेत. सायकल आवाज करत नाही हे तिचं मोठं सुख. त्यामुळेच शेकरू दिसतं, रस्ता ओलांडणारा गवा दिसतो. पण हत्तीलाही तुमची चाहूल लागत नाही, आणि वळणावर तो अचानक समोर उभा राहू शकतो. म्हणून केर, मोर्ले, घोटगेवाडी, कोनाळ या पट्ट्यात उजाडण्याआधी आणि सांज झाल्यावर सायकल चालवायची नाही. आंधळ्या वळणाआधी घंटी वाजवायची. ताजं शेण, मोडलेली केळ, चिरफाळलेला माड दिसला की पुढे न जाता मागे फिरायचं आणि आधी गावात विचारायचं. हत्ती कुठल्या बागेत आहे हे गावाला ठाऊक असतं.

खालच्या मोठ्या धरणाजवळ मात्र मी फार रेंगाळत नाही. भिंत मोठी आहे, जलाशय देखणा आहे, पण त्या पाण्याखाली आयनोडे, सरगवे, पाट्ये, शिरंगे अशी गावं गेली. भिंतीवर फोटो काढताना ही नावं लक्षात असावीत असं मला वाटतं. महाराष्ट्र आणि गोव्याचा हा संयुक्त प्रकल्प, आणि त्याचा कालवा आजही गोव्याला पाणी नेतो. जलाशयाच्या परिसरातलं 29.53 चौरस किलोमीटर जंगल 2020 मध्ये तिळारी संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झालं. गोवा आणि कर्नाटकातल्या अभयारण्यांतून सह्याद्रीत वर सरकणाऱ्या वाघाला हा दुवा लागतो.

धरणाखाली नदी रुंद होते आणि इथून खरी पायपीट सुरू होते. भेडशीच्या पुढे, मणेरीपर्यंत, पुलावर सायकल लावायची आणि काठाला उतरायचं. पाण्याबाहेर आलेले सपाट खडक शोधा. त्यांवर काळपट, सुकून राखाडी पडलेली विष्ठा दिसेल. काडीने उकललीत तर माशांचे खवले, काटे, खेकड्याच्या कवचाचे तुकडे निघतात, वासही मासळीचा. ही पाणमांजराची खूण. ती एकाच खडकावर पुन्हा पुन्हा येतात, कळपातल्या बाकीच्यांना निरोप ठेवतात. जवळच्या ओल्या वाळूत पाच बोटांचा ठसा मिळाला तर खात्री झाली. मग काठावर झाडाआड, पाण्यावरून तुमच्याकडे वारा येईल अशा बाजूला बसून राहायचं. पाणमांजर दिसेल असं वचन मी देणार नाही. पण खंड्या, टाचण्या म्हणजे चतुरासारखे नाजूक कीटक आणि काठावरून सरपटणारी घोरपड यांच्या संगतीत दोन तास कुठे जातात कळत नाही.

या वाटेवर वाईट वाटणाऱ्या जागाही आहेत, त्या बघाव्यात. डोंगरउतारावरचं मिश्र जंगल साफ करून रबर आणि अननस लावलेले पट्टे सायकलवरून स्पष्ट दिसतात. तिथला ओढा पहिल्या पावसात लाल होऊन येतो आणि वरच्या जंगलातल्या ओढ्यापेक्षा आधी आटतो. गाडीच्या काचेतून दोन्ही उतार सारखेच हिरवे. उतरून दोन्ही ओढ्यांत पाय घातलात की फरक कळतो. लोकांनी पोटासाठी बागा करू नयेत असं मी म्हणणार नाही, पण ओढ्याच्या दोन्ही काठांची झाडी तरी राहू द्या, हे मी प्रत्येक गावात बोलतो आणि इथेही बोलतो.

गोव्यात नदीचं नाव बदलतं, चालही संथ होते. हळर्ण्याचा किल्ला काठावर लागतो, कोलवाळपर्यंत भरती-ओहोटी जाणवते, काठाला खारफुटी सुरू होते. हा टप्पा सपाट आहे, नवख्यांनाही झेपेल.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरा. पावसात जळवा आणि निसरडे खडक यांची तयारी असेल तरच या. तीन दिवस पुरतात: पहिला घाटाचा, दुसरा राईचा, तिसरा नदीकाठाचा. ज्यांना यायचं आहे त्यांनी आत्ता नावं द्या, मात्र दुसऱ्या दिवसासाठी वेगळी यादी करा. राईत एका वेळी पाच-सहा माणसांपेक्षा जास्त न्यायची नाहीत. उरलेल्यांनी तेवढा वेळ गावात थांबायचं आणि मग पाळी बदलायची.