दिल्ली ते काठमांडू: तिकिटावरचा अर्धा तास जातो कुठे?

नमस्कार मंडळी! काठमांडूचं तिकीट काढलं असेल तर ते जरा समोर धरा. समजा, विमान दिल्लीहून सकाळी १० वाजता सुटतं आणि १२ वाजता काठमांडूला पोचतं. दोन तास झाले. आता परतीचं बघा. दुपारी १ ला सुटून अडीचला दिल्लीत. दीडच तास! अंतर तेच, मग हा अर्धा तास कुठून आला?

विमानाला दोन्ही वेळा पावणेदोन तासच लागलेत. तिकिटावर त्या त्या शहराची स्थानिक वेळ छापतात आणि नेपाळचं घड्याळ आपल्या १५ मिनिटं पुढे चालतं. म्हणून जाताना तिकिटावरच्या फरकातून १५ मिनिटं वजा करायची, येताना मिळवायची.

हा पाव तास मला फार आवडतो, कारण त्याच्यामागे एक डोंगर आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात. आपली वेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरून ठरते. ८२.५ गुणिले ४ म्हणजे ३३० मिनिटं, ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. नेपाळने १९८६ मध्ये गौरीशंकर शिखराजवळचा सव्वाशहाऐंशी अंशाचा रेखांश धरला. त्याला ४ ने गुणा. ३४५ मिनिटं, पावणेसहा तास!



आता अंतर. हवाई मार्गाने सरळ मोजलं तर सुमारे ८१५ किलोमीटर. वर गेल्यावर जेट विमान ताशी ८०० च्या आसपास सहज पळतं. मग तासाभरात का पोचत नाही? दिल्लीत गेटपासून धावपट्टीपर्यंत जायलाच वेळ जातो. पण खरी कसरत काठमांडूच्या बाजूला असते. त्रिभुवन विमानतळ साधारण १,३४० मीटर उंचीवर, चहूबाजूंनी डोंगर आणि धावपट्टी एकच. बहुतेक विमानं दक्षिणेकडून डोंगर ओलांडून खोऱ्यात उतरतात, त्यामुळे पश्चिमेकडून आलेल्या विमानाला वळसा पडतो. त्यात गर्दी किंवा हिवाळ्यातलं सकाळचं धुकं असेल तर आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. म्हणून पुढचं काही ठरवलं असेल तर मध्ये भरपूर वेळ ठेवा.

आणि एक गोष्ट माझ्यासाठी कराच. मोबाइल तिथलं नेटवर्क मिळालं की बहुतेक वेळा स्वतः वेळ बदलतो, मनगटावरचं घड्याळ बदलत नाही. ते भारतीय वेळेवरच राहिलं, तर परतीच्या दिवशी तुम्ही विमानतळावर १५ मिनिटं उशिरा पोचाल. उतरल्या उतरल्या काटे पुढे करा.

जागा निवडताना जाताना डावीकडची खिडकी घ्या, येताना उजवीकडची. आभाळ स्वच्छ असेल तर हिमालय त्याच बाजूला दिसतो.