पायलटकाकांचं मनगट आणि मेस्ताचा पाना

म्हापसा बाजाराजवळचं हे पायलट स्टँड. पिवळा मडगार्ड दिसला की गोव्यात समजायचं, ही भाड्याची मोटारसायकल आणि चालवणारा तो पायलट. इथल्या बऱ्याच जणांची पन्नाशी उलटलीय, आणि दिवसभर क्लच दाबून दाबून संध्याकाळी डाव्या अंगठ्याचं मूळ ठणकतं, गुडघे कुरकुरतात.

दुखायला लागलं की पहिला खर्च कशावर? सीटवर! मऊ स्पंज घाला, जेल घाला. आणि घोटाळा इथेच होतो, कारण मऊ फोम वजनाने पार दबून जातो आणि तासाभरात आपण पत्र्यावर बसल्यासारखे. दाट फोम हवा. सीट थोडं उंच झालं तर गुडघा कमी मुडपतो हे खरं, पण मग बुटक्या माणसाचे पाय टेकायचे वांधे.

आमचा मेस्त, म्हणजे गाडी दुरुस्त करणारा मेकॅनिक, आधी सीटकडे बघतच नाही. "काका, बसा बघू, रोज बसता तसे." आणि तो मनगट बघतो. ब्रेकवर बोटं ठेवली की कोपरापासून बोटांपर्यंत हात सरळ यायला हवा, लिव्हर वर असेल तर मनगट मागे मुरडतं आणि दिवसभर तसंच राहतं. क्लॅम्पचा बोल्ट सैल करायचा, लिव्हर जरा खाली फिरवायचं, परत आवळायचं. खर्च काहीच नाही.

मग क्लचची केबल. चार महिने पाऊस, वर समुद्राचा खारा वारा, आतून गंजतेच ती. तेल सोडा, नाहीतर सरळ नवीन टाका, बोटांना लगेच कळतं. फक्त लिव्हरच्या टोकाला १०-२० मिलिमीटर ढील ठेवा, नाहीतर क्लच प्लेटा जळतील. ग्रिप जाड फोमची घेतली की मूठ कमी आवळावी लागते, पण हात लहान असेल तर जास्त जाड नको, बोटं लिव्हरला पोचणार नाहीत.

थ्रॉटलवर बसवायची, तळव्याने दाबायची एक पट्टी मिळते. पणजीपर्यंत हायवेला मस्त. बाजारात मात्र काढून ठेवा, चुकून हात टेकला की गाडी उडी मारते.

रायझर, म्हणजे हँडल उचलणारे तुकडे, लावून हँडल वर आणि मागे घेतलं तर मनगट-खांद्यावरचा भार हलका होतो. पण लावल्यावर इंजिन चालू ठेवून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. वळवताना इंजिनचा आवाज चढला तर केबल ताणली जातेय. आणि मोठे बदल करायच्या आधी आरटीओत विचारा, गाडीतल्या बदलांवर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे.

गुडघ्याचं म्हणाल तर किक मारणं बंद, बॅटरी नीट ठेवा, सेल्फ वापरा.

"मग गिअर नसलेली स्कूटरच घ्या ना?" असं काकांना सगळेच सांगतात. क्लच सुटतो, खरंय, पण चाकं छोटी, आमच्या खड्ड्यांत कंबर जाते. काका मोटारसायकलवरच खूश आहेत.

आणि सकाळी उठल्यावर तासभर बोटं वळत नसतील, सांधे सुजत असतील तर ते मेस्ताचं काम नाही, बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, जाऊन दाखवा. त्या दिवशी बसने गेलात तरी चालेल.